जिन्यातलं आमचं कपाट

"सर, तुमच्या स्वतःच्या घराचा जिना मोकळा आहे का?"

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी हे विचारलं. शाळेत इमारतींचे नियम समजावायला आलेले तपासनीस खो खो हसले.

"आता आहे. आधी तिथे सासऱ्यांची सायकल असायची. त्यांनाच नोटीस दिली, महिनाभर बोलले नाहीत माझ्याशी! आणि तुझ्या घराचा?"

आमचं चपलांचं कपाट मागच्या जिन्यातच आहे. वरच्या शिवणकामवाल्या मावशी कुबड्या सावरत, तिरक्या होऊन त्याच्या बाजूने उतरतात. आग लागली, तर त्या काय करतील?

"तक्रार कोण करू शकतं?" हा प्रश्न मात्र माझा स्वतःचा होता.

"कुणीही. पत्ता, मजला, फोटो आणि वाट किती उरलीय ते लिहायचं."

घरी येताच मी आईच्या टेपने वाट मोजली, मग मावशींना कुबड्यांसकट लागणारी रुंदी. वाट चार बोटं कमी पडत होती.

"दहा वर्षांत कुणी हूं की चूं केलं नाही," कपाट हलवायला सांगितल्यावर बाबा म्हणाले.

"मावशी भिडस्त आहेत, बाबा. मी नाही. मी तक्रार करणार."

"शेजारी तक्रार करतात हे ऐकलं होतं," आई म्हणाली, "पोटची पोर करते हे नवीनच!"

"मग नीट ऐका दोघंही. रविवारपर्यंत कपाट हललं नाही, तर सोमवारी माझ्या सहीचा अर्ज जाणार, आणि त्यात तुमचीच नावं असणार!"