न झिजलेले पितळ

मी एक जुना लाकडी हातोडा आहे आणि मी आजवर एकही खिळा ठोकलेला नाही. मला दोन तोंडे आहेत. लाकडी तोंड झिजून खोलगट झाले आहे. पितळ मढवलेले तोंड मात्र आरशासारखे लखलखीत आहे.

मित्रांनो, मला घडवणारा सुतार बायकोला अभिमानाने म्हणाला होता, "हा जगातली युद्धं थांबवणार."

"आधी आपलं स्टूल डुगडुगायचं थांबव," ती म्हणाली.

पुढे मी राष्ट्रांच्या शांतता-सभेत अध्यक्षांच्या मेजावर विराजमान झालो. तिथे दोन तोंडे असण्याचे कोणालाच नवल वाटले नाही. सभा तहकूब करताना लाकडी तोंड आपटायचे, ठराव मंजूर झाला की पितळी, असा संकेत होता. पितळी तोंड एकदाच वाजले. खुर्च्यांना गाद्या बसवण्याचा तो ठराव होता. गाद्या सर्वांनाच हव्या होत्या.

एके सकाळी एका छोट्या देशाचा प्रतिनिधी उभा राहिला. शेजारी देशाचे सैन्य पूल ओलांडून त्याच्या देशात घुसले होते.

"पुलाजवळच्या गावात माझी आई आहे," तो म्हणाला. "सगळे मिळून आजच रोखा त्यांना."

शेजारी देशाचा प्रतिनिधी गादीवर सावरून बसला. "सैन्य कसलं? पाहुणे आहेत आमचे."

"तोफा घेऊन?"

"रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मतदान झाले. शेजारी सोडून सर्वांचे हात वर होते. अध्यक्षांनी मला पितळी तोंड खाली करून धरले, नियमांचे पान पाहिले आणि मला उलटे फिरवले. सभा तहकूब झाली.

"साहेब, बसा आता," शिपाई त्या उभ्या माणसाला म्हणाला.

"गाव गेलं माझं. बसू कुठं?"

कोणी अडवत नाही हे पाहून इतरांनीही सीमा ओलांडल्या आणि मोठे युद्ध पेटले.

आता मी संग्रहालयात काचेआड असतो. "पितळ किती जपलंय बघा," असे मार्गदर्शक बाई कौतुकाने सांगतात. मित्रांनो, मला पुसत बसू नका. तुमच्या सभांचे नियम तेवढे तपासत राहा. युद्ध टळलेच असते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण तो प्रयोग पुन्हा करता येत नाही. पितळ का झिजले नाही, हे मात्र सांगता येते. ठराव एकमतानेच मंजूर व्हावा असा नियम होता, आणि त्या एकमतात हल्ला करणाऱ्याचेही मत धरले जात असे.