ताईची अळंबी

"मानवजातीने दोनच खरे शोध लावले. एक अग्नी, दुसरा अळंबी!" असं जाहीर करून भाऊजींना ठसका लागला. मी पाठीत चार बुक्के घातले, तेव्हा दुसरा शोध बाहेर पडला.

माझ्या ताईची हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टर म्हणाले, प्रथिनं वाढवा, ड जीवनसत्त्व वाढवा. भाऊजी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. त्यांनी मागच्या खोलीची खिडकी बुजवली, भिजवलेल्या पेंढ्याच्या पिशव्या टांगल्या आणि अळंबी पिकवली. तोडली की दांडा वर करून दोन तास उन्हात ठेवायची, म्हणजे तिच्यात ड जीवनसत्त्व तयार होतं. मग दोन्ही वेळा तीच भाजी, सलग चार महिने.

मग ताईचे फोन बंद झाले. म्हणून तिला आमच्याकडे न्यायला मी आलो होतो.

"वाचा, मेहुणे." भाऊजींनी रिपोर्ट पुढे केला. "ड भरपूर, प्रथिनं भरपूर. बद्धकोष्ठ तर विसरलीच ती."

"पण आहे कुठे?"

"खोलीत. तिथेच बरं वाटतं तिला."

ताई पिशव्यांच्या मधोमध स्टुलावर बसली होती. पांढरीफटक, गुबगुबीत, हसतमुख.

"दार लाव रे, उजेड येतो."

तिच्या कानामागे गुंडीएवढं पांढरं काहीतरी होतं. कापसाचा बोळा समजून मी ते ओढलं.

"आई गं!" ताई कळवळली, आणि सगळ्या पिशव्या एकदम हलल्या.

"ओढायचं नसतं हो," भाऊजी मागून म्हणाले. "बुंध्याशी धरून अलगद पिळायचं." माझ्या हातात तुटून आलेलं ते घेऊन भाऊजी उन्हात ठेवायला गेले. दांडा वर करून.

"ताई, ऊठ. आत्ताच्या आत्ता चल." मी तिचा दंड धरला. तिच्या टाचांपासून फरशीच्या सांध्यांपर्यंत पांढरे, बारीक धागे ताणले गेले.

"सहा वर्षांत पहिल्यांदाच काही दुखत नाहीये रे," ती हळूच म्हणाली. "नको ना नेऊस."

लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली ही बाई. तिला मी कधी काही नाही म्हटलेलं नव्हतं. मी दंड सोडला. धागे पुन्हा सैल पडले.

"बरं," मी म्हणालो. "काही हवंय का तुला?"

ताईने कानामागची दुखरी जागा चोळली.

"पुढच्या खेपेला भाजीला मीठ आण. इथलं सादळतं."