चौथ्या पट्ट्यावरचा धाकटा

मंद तापलेला ओव्हन, आत ना पाव ना केक. कापसाचे काळे पडलेले बोळे. एकमेकांकडे न बघणारे दोन म्हातारे. बोटाला लागली की सहजी न जाणारी तपकिरी भुकटी.

त्या ओव्हनमध्ये मी होते. मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो, आणि आता फार दमले आहे.

तरुणपणी माझ्यावर एका रॉक बँडने आपला अल्बम ध्वनिमुद्रित केला. माझ्या अंगावर शेजारी शेजारी पट्टे असतात. पहिल्यावर ड्रम्स, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गाणारा थोरला भाऊ, चौथ्यावर बेस गिटार वाजवणारा धाकटा. तिथे कोणी कोणाच्या पायावर पाय देत नाही. भांडण लागते ते पुढे, सगळे पट्टे मिसळून गाणे तयार करताना. तेव्हा थोरल्याने हुकूम सोडला, "माझा आवाज पुढे घ्या, बाकीचं मागे." धाकटा इतका मागे गेला की ऐकूच येईना.

अल्बम कधी आला आणि कधी गेला, कोणाला कळलेही नाही. धाकट्याला वाटले, आपणच वाईट वाजवले. त्याने बँड सोडला. थोरला गात राहिला, नावारूपाला आला. मला आधी हातमोजे घालून उचलत. मग गरम पाण्याच्या पाइपाशेजारच्या फडताळात कोंबले आणि वर रंगाचे डबे रचले.

आता रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीला तोच अल्बम नव्याने मिसळून काढायचा होता. पण दमटपणामुळे माझे वेढे एकमेकांना चिकटले होते. अशा टेपमधली ओल जावी म्हणून तिला मंद आचेवर शेकतात.

"एकदा वाजेल," ध्वनिमुद्रण करणारी बाई म्हणाली. "दुसऱ्यांदाचा भरवसा नाही. वाजतानाच कॉम्प्युटरवर उतरवून घेऊ."

धाकट्याला त्याच्या बायकोने ओढूनच आणले होते. "दादा, तुम्ही त्या टोकाला बसा," ती थोरल्याला म्हणाली. "उगाच हमरीतुमरी नको."

"अगं, या वयात कसली हमरीतुमरी? लाथ मारायला पाय उचलला, तर खाली यायला संध्याकाळ होईल."

धाकटा हसला नाही.

मी फिरू लागले. प्रत्येक गाण्यागणिक माझी कातडी भुकटी होऊन गळत होती. बाई थांबून थांबून यंत्र पुसत होती. शेवटच्या गाण्याला वाटले, संपले आता. पण धाकट्याचे वाजवणे जगात माझ्याशिवाय कुठेच नव्हते. कशीबशी टोकाला पोचले.

मग बाईने उतरवून घेतलेला चौथा पट्टा एकटाच ऐकवला. धाकटा पुढे वाकला.

"कोण वाजवतंय हे?"

"तूच, गाढवा," थोरला म्हणाला.

धाकटा बराच वेळ ऐकत राहिला. "वाईट नाही रे."

"ताई, माझा आवाज खाली घ्या," थोरला बाईला म्हणाला. "आणखी. याला वर येऊ दे."

"अरे, लोक अल्बम तुझ्यासाठी घेतात!" धाकटा म्हणाला.

"तेव्हा कुठे घेतला होता?"

आता मात्र धाकटा खो खो हसला.

मित्रांनो, मला पुन्हा वाजवू नका, ते माझ्याने होणार नाही. पण तुमच्या फडताळात माझ्यासारखी कोणी पडली असेल, तर तिला कोरड्या जागी हलवा. आणि तिच्यावर ज्याचा आवाज आहे त्याला तो ऐकवा, त्याचे कान शाबूत आहेत तोवर.

तरुणपणी, माझ्यावर शेवटचे गाणे वाजवताना धाकट्याच्या बेस गिटारच्या चार तारांपैकी एक तुटली होती. उरलेल्या तीन तारांवर त्याने ते पुरे केले.