कन्हानच्या पुरात आलेला महाल

"कोनी भरोसा ठेवनार नाही, पन हा महाल पयले नदीच्या पल्याड होता," असं म्हणून लहानूनं कन्हानच्या पलीकडच्या काठाकडे बोट केलं.

लग्नासाठी लॉन पाहायला आलेली अपेक्षा हसली. तिची आजी पार्वतीबाई हसली नाही. नरखेडकडच्या गावांत नर्सबाई म्हणून तिचा जन्म गेला होता; थापा शेवटपर्यंत ऐकून घ्यायची तिला सवय होती.

लॉनचा मालक कृष्णकांत सकाळीच लहानूला बोलून गेला होता, हीही पार्टी परत गेली तर महाल पाडून टिनाचं शेड टाकतो. अन् महाल तर लहानूच्याच हातचा. विलायती कॅलेंडरावरचा नदीकाठचा बरोक थाटाचा, वळणावळणाचा राजवाडा पाहून त्यानं तो सिमेंटात उभा केला होता. दाराशी बसवायच्या पंखवाल्या पोरांच्या पुतळ्यांसाठी नातवाला, साहिलला, पोत्यावर उघडाबंब बसवलं होतं. दिसेल ते जसंच्या तसं घडवायचं, ही त्याची खोड.

तर लहानू सुटला. "दोनशे वर्सं झाले. एका गोऱ्या कर्नलनं बांधला. मंग असा पूर आला का महाल उचलला अन् अल्याड आनून ठेवला. एक काच तडकली नाही!"

"मग भिंती अशा लाटांसारख्या काहून?" अपेक्षानं विचारलं.

"पान्यानं ढकलल्या ना, माय! कर्नलनं सरळच बांधल्या होत्या. मंग म्हने, राहू द्या, असंच ब्येस दिसते."

"आणि एकाच गच्चीवर जायला दोन जिने?"

"कर्नल अन् मडमचं पटे नाही. एका जिन्यानं चढत नसत."

"वर गेल्यावर?"

"वर नदीची हवा लागे. राग उतरे."

अपेक्षा डाव्या जिन्यावर चढली, मोबाइल लांब धरून तिनं फोटो काढला. "आजी, हेच घेऊ या."

लहानूला हुरूप आला. थांबायचं कुठं, हे त्याला कधीच कळलं नव्हतं. "अन् हे पंखवाले पोट्टे पाहा. कर्नलनं खास इटलीतून आनले. दोनशे वर्सांत टवका उडाला नाही!"

पार्वतीबाईनं चष्मा लावला. दाराजवळ जाऊन एका पोराच्या डाव्या दंडावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्याच्या.

"तारीख पक्की कर वं अपेक्षा," ती म्हणाली. "पन लहानूभाऊ, कर्नलच्या या पोट्ट्यांले बीसीजीची लस कोनं टोचली गा?"