ड्रायव्हरच्या मागची सीट

सकाळी हॉटेलात नाश्त्याच्या टेबलावर थोरल्याने जाहीर करून टाकलं, की आज आपण सगळे बसने जायचं. किनाऱ्याच्या रस्त्याने थेट दीपस्तंभापर्यंत आणि संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. "बाबांचा रस्ता," असं तो म्हणाला. मग पावाला लोणी लावता लावता त्याने विचारलं, "आई, तुला चालेल ना?"

आमच्या घरात हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत. मी 'मला काय, कुठेही चालेल' म्हणते आणि सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. हॉटेल कुठलं, खोली कुठली, जेवायला काय, सगळं मला चालत आलेलं आहे. मी तसं म्हणणारच होते. पण तेवढ्यात माझं लक्ष सुनेकडे गेलं. तिने बशीतली लिंबाची फोड कागदी रुमालात गुंडाळली आणि कोणी बघत नाही असं पाहून पर्समध्ये टाकली.

"नाही चालणार," मी म्हटलं.

थोरल्याची सुरी लोण्यातच राहिली. धाकटी, म्हणजे माझी मुलगी, मोबाइलमधून वर बघायला लागली.

"मी बोटीने जाणार आहे. समोरच्या धक्क्यावरून सुटते. तीही दीपस्तंभालाच जाते, संध्याकाळी परत आणते. तुम्ही बसने या, तिथे भेटू."

"अगं पण आई," धाकटी म्हणाली, "तुझ्यासाठी ड्रायव्हरच्या मागची सीट राखून ठेवलीये मी! किती फोन केले त्यासाठी. कंडक्टरकाकांनापण बोलावलंय. बाबा थांबायचे तिथे तिथे बस थांबवणार आहेत ते लोक." ती आतापासूनच डोळे पुसायला लागली होती. या पोरीला रडायला निमित्त लागत नाही, बापावर गेली आहे.

इथे थोडं सांगायला हवं. माझ्या नवऱ्याने आयुष्यभर याच किनाऱ्याच्या रस्त्यावर बस चालवली. एका बाजूला डोंगर, एका बाजूला समुद्र आणि मधे नुसती वळणं. तेव्हा वळणावर एखाददुसरी खानावळ असायची. आता हॉटेलाला हॉटेल चिकटलेलं आहे आणि मोटारी एकमेकींच्या मागे अशा उभ्या असतात, की पायी चालणारा आधी पोहोचेल. पण रस्ता तोच. दर सुट्टीत हा आम्हाला बसमधून फिरवायचा. मुलं मागे खिडकीत आणि मी त्याच्या पाठीमागच्या सीटवर. "राणीची सीट," असं तो सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा.

या राणीला गाडी लागायची. साधीसुधी नाही, पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत. समुद्र मी कधी धड पाहिलाच नाही. मी पाहिली ती नवऱ्याची मान आणि माझा रुमाल. रुमालात अर्धं लिंबू. मुलांना वाटायचं, आई झोपली.

डोकं वर करायचे ते एकदाच. रस्ता कड्यावरून खाली समुद्राजवळ उतरतो, त्या वळणावर ड्रायव्हर लांबलचक हॉर्न द्यायचे. खालून बोटीही भोंगा वाजवून उत्तर द्यायच्या. बस येतेय, दीपस्तंभाच्या धक्क्यावर थांबा, असा तो निरोप असायचा. कारण जाताना रस्त्याने गेलेली निम्मी माणसं परतीला बोट धरायची. दर वर्षी ती माझ्या डोळ्यांदेखत उतरून हसतखिदळत बोटीत बसायची आणि मी परत राणीच्या सीटवर.

एकदा मी धीर करून विचारलं होतं, "मी येऊ का बोटीने?" तर हा म्हणाला, "शिंप्याच्या बायकोने कपडे दुसऱ्याकडे टाकायचे का?" सगळी बस हसली. मीही हसले. लिंबू हुंगत हसले.

तर हे सगळं मी चहा गार होईपर्यंत टेबलावर सांगितलं.

"तुला गाडी लागते?" थोरला म्हणाला. "कधीपासून?"

"तुझ्या जन्माच्या आधीपासून."

"मग बोट लागली तर?"

"लागली तर लागली. नवीन काहीतरी लागेल."

सून खाली मान घालून हसली. धाकटीला मात्र हसू आलं नाही. "बाबांची आठवण म्हणून सगळं ठरवलं आणि तुला तेवढा एक दिवस सोसवत नाही?" असं ती म्हणाली आणि खुर्ची सरकवून उठली. मला लागलं ते. पण माझा शब्द मी मागे घेतला नाही.

बस स्टँडवर कंडक्टर भाऊजी येऊन उभेच होते. नवऱ्याचे जन्माचे जोडीदार. आता केस सगळे पांढरे, पण बॅग खांद्याला असल्यासारखा एक खांदा अजून खालीच. धाकटीने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं, की आई बसने येत नाही म्हणते, तिला म्हणे गाडी लागायची आणि बाबांना तिने कधी पत्ताच लागू दिला नाही.

भाऊजी माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "वहिनी, दादांना माहीत होतं."

"काय?" मी म्हटलं.

"तुम्ही बसलात की मला सांगायचे, आज मागे ही आहे, घंटीची घाई करू नको. वळणं अशी अलगद घ्यायचे, की पेला भरलेला असता तरी सांडला नसता. गाडी उशिरा पोहोचायची. डेपोत बोलणी खायचे. पण तुमचं नाव कधी सांगितलं नाही त्यांनी."

धाकटी रडायलाच लागली. थोरल्याने चष्मा काढून पुसला. बसमधले प्रवासीसुद्धा खिडकीतून डोकावून ऐकत होते. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आता ही विरघळणार, डोळे पुसणार आणि त्या सीटवर जाऊन बसणार, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दाराजवळचा माणूस तर मला वाट द्यायला बाजूलाही झाला.

खोटं कशाला बोलू, विरघळलेच मी. ती मान माझ्या डोळ्यांपुढे आली. वळणावर जराशी डावीकडे झुकणारी, कडक कॉलरमधली. माझ्यासाठी झुकत होती म्हणे. माझा पाय बसच्या पायरीकडे वळलासुद्धा होता.

आणि मग मला राग आला. असा राग मला त्याच्या हयातीत कधी आला नव्हता.

"माहीत होतं?" मी म्हटलं. "माहीत होतं, तर एकदा म्हणायचं होतं की, जा बाई बोटीने. दीपस्तंभाला दर वेळी बोट माझ्यासमोर उभी असायची. एवढी वळणं अलगद घेतली, एवढी बोलणी खाल्ली, पण तेवढं एक वाक्य तोंडातून निघालं नाही?"

"मान आड आला असेल, वहिनी. ड्रायव्हर माणूस. लोक काय म्हणतील..."

"मान त्याचा आणि उलट्या माझ्या?"

खिडकीतली एक बाई फिसकन हसली आणि तोंडावर पदर धरला.

"आई!" धाकटी म्हणाली. "बाबांबद्दल असं बोलतेस?"

"त्याच्याबद्दलच बोलते. दुसऱ्या कोणाबद्दल इतका राग यायला तेवढं प्रेम तरी असायला हवं. तुझा बाप सोन्यासारखा माणूस होता. आणि त्याने मला एकदाही विचारलं नाही. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मी दोन्ही घेऊन बोटीत बसणार आहे." मग मी सुनेकडे वळले. "पर्समधली ती फोड टाक कचऱ्यात आणि चल."

ती पांढरीफटक पडली. पर्स तिने दोन्ही हातांनी धरली.

"कसली फोड?" थोरल्याने विचारलं.

सून एकदा त्याच्याकडे, एकदा बसकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. घाटातून येताना ही पोर डोळे मिटून बसते हे मी कितीदा पाहिलं होतं. थोरला स्टिअरिंगवर गाणी म्हणत असतो आणि ही झोपलेली असते.

"मलापण गाडी लागते," ती त्याला म्हणाली. "लग्नाच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणतोस, तुला चालेल ना. मग मी म्हणते, चालेल."

थोरला पुन्हा चष्मा पुसायला लागला. मला त्याची दया आली, पण थांबावं इतकी नाही. मी सुनेचा हात धरला आणि रस्ता ओलांडायला लागले. मोटारी जागच्या जागी उभ्याच होत्या, त्यामुळे ओलांडणं काही कठीण नव्हतं. मागून धाकटी हाका मारत होती. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गेले असते, माझा मला भरवसा नव्हता.

बोट लहानशीच होती. लाकडी बाकं, वर ताडपत्री, मागे इंजिनाचा धूर. ती हलली आणि मी सवयीने रुमाल नाकाशी नेला. थोड्या वेळाने लक्षात आलं, की पोटात काहीच होत नाहीये. वारा तोंडावर येत होता. समुद्र हिरवा होता, म्हणजे काठाला हिरवा आणि पुढे निळा. एवढी वर्षं मी या रस्त्याची राणी म्हणून मिरवले आणि समुद्राचा रंग मला ठाऊक नव्हता. मी सुनेला म्हटलं, "बघून घे." ती केव्हाची बघतच होती.

इथून किनारा अख्खा दिसत होता. हॉटेलं, छत्र्या, माणसंच माणसं आणि वर डोंगराच्या कडेने मोटारींची एक न हलणारी रांग. कड्याच्या वळणावर आमची बस अडकलेली होती. लाल टपावरून मी ती लगेच ओळखली.

आणि तिचा हॉर्न आला. लांबलचक, न थांबता. भाऊजींनी द्यायला लावला असेल, नाहीतर माझ्या लेकीने.

"हल्ली कोणी देत नाही हो," बोटवाला म्हणाला. "आम्हीही उत्तर देत नाही आता."

मी बाकावरून उठले. सून म्हणाली, "आई, जपून," पण मी तोवर त्याच्या सुकाणूच्या चाकापाशी पोहोचलेही होते. "भोंगा कुठला?" मी विचारलं. त्याने काळं बटण दाखवलं. मी ते अंगठ्याने दाबलं आणि दाबूनच धरलं. बोट थरथरली, बाकावरच्या लोकांनी कान झाकले. मी इथे आहे, मी बोटीत आहे, मला काही लागत नाहीये, हे सगळं त्या मेलेल्या माणसाला ऐकू जावं इतक्या जोरात तो भोंगा वाजत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि रुमाल पुसायच्या कामी पहिल्यांदाच येत होता.

वरून बसने पुन्हा हॉर्न दिला. मी पुन्हा दाबलं.

"आजी, बास आता," बोटवाला म्हणाला.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि सुनेला बटणापाशी बोलावलं.