हिरवं बटण

"झोप नीट लागते का?" मी मोबाइलवरचा प्रश्न वाचला.

"आधी आडवं तर होऊ दे मला." दारापाशी वेगळं बसलेल्या आईने टॉवेलची घडी घातली, मोडली, झटकली, पुन्हा घालायला घेतली.

मी 'कधीकधी'वर बोट ठेवलं.

आई इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. साथीत चादरींचे ढीग तिच्या छातीपर्यंत येत. कर्मचाऱ्यांची मनं ताळ्यावर राहावीत म्हणून इस्पितळाने एक ॲप दिलं होतं. रोज पाच प्रश्न. घरी आली की ती फोन पुसून माझ्याकडे सरकवायची. उत्तरं मी भरायचे.

"भीती वाटते?"

"मुकादमाची."

"आई, नीट सांग गं."

"नाही वाटत. लिही."

तेवढ्यात तोच फोन वाजला. "समुपदेशक बोलतेय. तुम्ही दुपारी हिरवं बटण दाबलंत ना, बोलायचंय म्हणून?"

मी फोनवर हात ठेवला. "तू बटण दाबलंस?"

आईचे हात थांबले. दिवसभरात पहिल्यांदाच थांबले असावेत.

"बोट लागलं असेल."

गॅसवर भात होता. माझ्या ऑफिसची मीटिंग पाच मिनिटांवर आली होती.

"चुकून ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हो. चुकूनच."

"चुकून दाबलं गेलं हो," मी सांगून टाकलं आणि फोन ठेवला. "यांनाही काही कामधंदा नाही."

"असू दे. बिचारीचं तेच काम आहे." तिने पुन्हा टॉवेल उचलला.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. अकराव्या दिवशी इस्पितळातून एक पिशवी हातात आली. तिचा चष्मा, तिचा फोन.

फोन मी चार्ज केला. ॲपने विचारलं, आज कसं वाटतंय? मी ते काढून टाकायला गेले, तेव्हा हिरव्या बटणाखालची बारीक ओळ दिसली. रोज उत्तरं भरायचे, पण तिथवर कधी गेलेच नव्हते.

'बोलायचं असल्यास बटण दहा सेकंद दाबून धरा.'

मी घरभर फिरले. नळ बंद होता, तो पुन्हा बंद केला. कपाटातला टॉवेल काढला, घडी मोडली. पुन्हा घालायला जमेना. मग बसले आणि बटणावर अंगठा ठेवला. मनात आकडे मोजत गेले. सहावर हात काढावासा वाटला. तिने काढला नव्हता.

थोड्या वेळाने फोन आला. आवाज तोच.

"बोला ताई. ऐकतेय मी."

"त्या दिवशी चुकून नव्हतं दाबलं," मी म्हणाले. "आईला बोलायचं होतं. मला तेव्हाच कळलं होतं."