बिनटाक्याचं पुस्तक

“दोन आजार कागदाच्या एकाच पट्टीच्या दोन बाजूंना काढू नका, बाई. दोन पुस्तकं करा आणि दोन्हींना मधोमध दोऱ्याचा एकेक टाका घाला,” कमलाकांत सर म्हणाले होते, तेही हातातली खळीची वाटी खाली न ठेवता. अपेक्षाने मान डोलावली आणि गोष्ट तिथल्या तिथे सोडून दिली. तिला टाका नको होता. पट्टी हातातून सुटली की नागमोडी उलगडत खाली जायची, त्यावर तिचा जीव जडला होता.

सरांचं उभं आयुष्य छापखान्यात गेलेलं. पालघरच्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत ते दर रविवारी पुस्तक कसं घडतं ते शिकवायचे. सरावलीहून अपेक्षा एसटीने यायची, मेघालीला सासूजवळ ठेवून. मेघाली सव्वा वर्षाची. तिच्या जन्मापासून अपेक्षाचं डोकं म्हणून स्वस्थ नव्हतं. पोर झोपली की श्वास चालतोय ना म्हणून नाकाशी बोट धरायची. नवरा इंद्रजीत पाळीवर गेला की कारखान्यांकडून येणाऱ्या वाऱ्याचा वास घेत खिडकीशी उभी राहायची. बी.एस्सी. झालेली बाई, पण शिक्षणाने धास्तीला नावं तेवढी पुरवली. हाताला काम लागलं तर डोकं गप्प बसेल म्हणून ती या वर्गाला आली, आणि बसलंही काही दिवस.

“ताडपत्राला भोक कशाला पाडायचे?” सरांनी पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

“खुंटीला टांगायला,” मागच्या बाकावरून कुणीतरी.

“तुमच्या घरचं कॅलेंडर आहे का ते? दोरी ओवायला. दोरी सुटली की पानं विस्कटली, आणि पानं विस्कटली की ग्रंथ राहत नाही, पाचोळा होतो.”

मग सुट्या पानांची पोथी, दोन फळ्यांमध्ये दाबून फडक्यात बांधलेली. मग जन्मपत्रिकेची लांबलचक गुंडाळी, जिचं शेवटचं टोक बघायचं तर सुरुवात हातातून सोडावी लागते. मग नागमोडी घड्यांचं पुस्तक. आणि शेवटी फर्मा: एका मोठ्या कागदावर सोळा पानं, काही उलटी, काही सुलटी, तीन घड्या घातल्या की सगळी ओळीने उभी. अपेक्षा घरी रद्दीचे फर्मे दुमडत बसायची. सोळा पानं चुकत नाहीत हे पाहून तिला शांत वाटायचं.

एकदा सरांनी एका जुन्या पोथीचं शेवटचं पान दाखवलं. लिहिणाऱ्याने आपलं नाव लिहिलं होतं, गाव लिहिलं होतं आणि वाचणाऱ्याला विनवलं होतं, की चुकलं असेल ते सांभाळून घे, पोथीला तेलापाण्यापासून जप. अपेक्षा हसली होती. “सर, हा तर अर्जच झाला.”

“अर्जच तो. पुस्तक एकदा दुसऱ्याच्या हातात गेलं की लिहिणाऱ्याच्या हातात आणखी काय उरतं?”

शेवटचं काम सरांनी असं दिलं: ज्याला अक्षर येत नाही अशा एका माणसासाठी पुस्तक करा. माणूस खरा हवा, नावगाव असलेला.

अपेक्षाला जमुना लगेच आठवली. बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरची. पावसाळाभर ती सरावलीत दारोदार कर्टोली, शेवळं अशा रानभाज्या विकायला यायची, पाठीला तान्हा चिंतू. दोघींची पोरं बरोबरीची, म्हणून ओट्यावर गप्पा व्हायच्या. भात कापून झाला की जमुना, नवरा अंकुश आणि चिंतू वीटभट्टीवर जाणार होते, पावसापर्यंत.

“तिथं पोराला काय झालं तर?” अपेक्षाने विचारलं होतं.

“तुमी लय घाबरता, बाय,” जमुना हसली. “पोरगी तुमची अंगणात गेली तरी तुमी घामेजता. आमी काय पोरा घेऊन पयल्यांदा चाललो हाय?” आणि मग पाठीवरच्या चिंतूला सावरत, “गेल्या वर्साला जावेचा गेला. जुलाबानं.”

त्यावर अपेक्षाने पट्टी काढली. तीन घरांची, म्हणजे घड्यांमुळे पडणाऱ्या तीन चौकटींची, अक्षराविना. एका बाजूला जुलाब: पहिल्या घरात कण्हणारं बाळ आणि जलसंजीवनीची पुडी, दुसऱ्यात उकळून गार केलेल्या पाण्याचं भांडं, तिसऱ्यात वाटी-चमचा आणि डोंगरामागून उगवून समुद्रात मावळेपर्यंत पुढे पुढे सरकणारा सूर्य; म्हणजे दिवसभर, चमचा चमचा, देत राहा. मागच्या बाजूला ताप: तापलेलं बाळ आणि औषधाची बाटली, मग बाटलीचं टोपण, त्यावर लाल रेष आणि मोजून तीन सूर्य, म्हणजे रेषेइतकंच आणि दिवसातून तीनदाच, मग ओलं फडकं आणि नर्सबाईंचं दार. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी एकेक चित्र तपासलं. पुड्या आणि बाटलीही त्यांनीच दिली, रेषही त्यांनीच आखून दिली. चित्रांत काही चूक नव्हती, हे आधीच सांगायला हवं.

“निदान घरांच्या कोपऱ्यात ठिपके द्या,” सर म्हणाले होते. “एक, दोन, तीन. ती भाजी विकते ना? मोजता येतं तिला.”

“ठिपक्यांनी चित्र घाण होतं, सर.” हेही तिने सोडून दिलं.

गुरुवारी जमुना निरोप घ्यायला आली तेव्हा अपेक्षाने पुड्या आणि बाटली तिच्या हाती ठेवली आणि पट्टी उलगडून दोन्ही बाजू समजावल्या. जमुनाने दोन्ही बिनचूक म्हणून दाखवल्या. अपेक्षाचा ऊर भरून आला.

मंगळवारी सकाळी मेघालीने घरासाठी काढलेली तशीच दुसरी पट्टी खेळून खेळून जमिनीवर पसरली. सासू सोजराबाईंनी ती उचलली, झटकली, दुमडली आणि चहाच्या कपाशेजारी ठेवली. अपेक्षाने सहज उघडली.

वर तापलेलं बाळ आणि बाटली. ते घर उघडलं, तर उजव्या हाताला वाटी, चमचा आणि दिवसभर सरकणारा सूर्य.

तिने बंद केली. पुन्हा उघडली. बाळ तापलं, बाटली घ्या, सकाळपासून मावळेपर्यंत चमचा चमचा देत राहा. लाल रेषेचं टोपण आणि तीन सूर्य पाठीमागे गेले होते, कुणी बघणार नाही अशा जागी.

“आत्याबाई, ही घडी कुणी घातली?”

“म्या. का गं? चुरगळली का?”

“कशी घातली?”

“कशी म्हंजे? पुडी बांधतो तशी. डावी बाजू आत, उजवी तिच्यावर. आता कागदाच्या घडीलाबी कालेज लागतं का?”

गुरुवारची दुपार अपेक्षाच्या डोळ्यांपुढे आली. जमुनाने पट्टी नागमोडी नव्हती दुमडली. भाजी बांधायच्या पानाची जशी घडी घालायची, अगदी तशी, डावी बाजू आत, उजवी तिच्यावर, आणि कमरेला खोचली होती. अपेक्षाने ते पाहिलं होतं. पोरीच्या घशात मणी जाईल म्हणून दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्या बाईने समोर उभं राहून पाहिलं होतं, आणि किती सफाईने दुमडते म्हणून कौतुक केलं होतं.

“अगं, तिला तू तोंडी सांगितलंय की,” सोजराबाई आता जरा नरमाईने म्हणाल्या. “माणूस ध्यानात ठेवतं.”

“पोर तापलेलं असताना? मी मेघालीच्या तापात माझं नाव विसरते.”

अंकुशचा फोन बंद लागत होता. अपेक्षाने पाच वेळा लावला, मग मेघालीला कडेवर घेतलं आणि टमटम पकडली. टमटम प्रत्येक थांब्यावर माणसं भरत राहिली आणि तिच्या पायाचा अंगठा आपोआप पुढे रेटत राहिला, जणू गाडी त्याने चालणार होती.

पाड्यावर जमुनाचा सासरा सुका दारात बांबू तासत बसला होता. त्याने वर पाहिलं, विळा बाजूला ठेवला.

“पुस्तकवाल्या बाय का तुमी? या. पोरीला सावलीत घ्या.”

“जमुना कुठल्या भट्टीवर गेली, काका?”

“वसईच्या आंगाला. नायतर भिवंडी. गाडी आली, बसली, गेली. मुकादम जाने.”

“चिंतू बरा होता?”

सुकाने जरा आठवल्यासारखं केलं. “निगाली तवा आंग गरम व्हता पोराचा. पन ती बोलली, औषद हाय, पुस्तक हाय, बायनं दिलाय. काय भेव नाय.”

काय भेव नाय. अपेक्षाने विचारलं, “बाटली बरोबर नेली?”

“नेली तर. पुस्तकात गुंडाळून नेली.” तो हसला. “पोरानं एक कोपरा चावला पन. लय आवडला त्याला.”

कुडाच्या भिंतीवर कोळशाने मुकादमाचा नंबर लिहिलेला होता. तिने लावला. पलीकडे ट्रकचा आवाज, आणि एक माणूस हिंदीत ओरडून बोलत होता.

“जमुना? मॅडम, जमुना नाम की चार औरतें हैं मेरे पास. कौनसी?”

“अंकुश की. छोटा बच्चा है, चिंतू. उसको बुखार था.”

“हाँ, था. परसों रो रहा था बहुत. उनको दूसरी भट्टी पे भेज दिया, वहाँ आदमी कम थे.”

“कौनसी भट्टी? उसको बोलो दवाई दिन में तीन बार, बस तीन बार, ढक्कन की लाल लाइन तक...”

“मॅडम, मैं बोल दूँगा. अब ठीक होगा. बच्चे हैं, होता है.” फोन तुटला. नंतर तो नंबरही लागेना.

होगा. ठीक होगा. परतीच्या वाटेवर अपेक्षा हा एकच शब्द उलटसुलट करत राहिली. वाटेत ती उपकेंद्रात उतरली; नर्सबाईंनी तिच्यादेखत चार फोन फिरवले, तिकडच्या आरोग्यसेविकांना नावं कळवली आणि म्हणाल्या, “भट्ट्या शेकड्यांनी आहेत गं. पण बघतील.” इंद्रजीतने बुधवारी सुट्टी टाकली आणि मोटरसायकलवर वसईच्या बाजूच्या नऊ भट्ट्या पालथ्या घातल्या. दोन जमुना भेटल्या, आपली नाही.

रविवारी अपेक्षा वर्गात गेली. सगळं सांगितलं. सर ‘मी बोललो होतो’ असं म्हणाले असते तर तिला रडता तरी आलं असतं. त्यांनी सुई, दोरा आणि टोच्या तिच्यापुढे सरकवला.

“ती घडी चुकली नाही, बाई,” ते म्हणाले. “तिच्या हाताची घडी तीच आहे. पुस्तक तिच्या हाताचं नव्हतं.”

तिने दोन पुस्तकं केली. जुलाबाचं हिरव्या दोऱ्याचं, तापाचं लाल. घराच्या कोपऱ्यात ठिपके, मधोमध टाका, टाक्याला गाठ. वर्गातल्या सगळ्यांनी मिळून तीनशे जोड्या शिवल्या. एकेक पुस्तक सोजराबाईंच्या हातात देऊन ती म्हणायची, “आता दुमडा, हवं तसं दुमडा.” सोजराबाई पुडीसारखं दुमडायच्या, चुरगळायच्या, एकदा तर त्यावर बसल्याही. उघडलं की ठिपके एक, दोन, तीन. पण तीनशेव्या गाठीपर्यंत अपेक्षाला एकदाही शांत वाटलं नाही. अंकुशचा फोन अजून बंद होता. आरोग्यसेविकांचा निरोप नव्हता.

पुस्तकं भट्ट्यांवर जायची होती. ती सेविकांच्या हाती जाणार, मुकादमांच्या, भट्टीवरच्या शाळेतल्या बाईंच्या, ज्यांना वाचता येतं त्यांच्या. म्हणून लाल दोऱ्याच्या प्रत्येक पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर, जिथे चित्र नव्हतं, तिने त्या जुन्या पोथीतल्यासारखा अर्ज लिहिला:

‘हे पुस्तक सरावलीच्या अपेक्षाने केले. आधीचे तिने चुकीचे केले, त्याला टाका नव्हता. ते जमुनाकडे आहे, अंकुशची बायको, बेटेगावच्या पुढच्या पाड्यावरची. उजव्या हातावर मोराचे गोंदण. तिच्या मुलाचे नाव चिंतू, अकरा महिन्यांचा, समोरचे दोनच दात आले आहेत. त्यांच्याकडे एक लांब पट्टी असेल, एका कोपऱ्याला चावलेली, औषधाच्या बाटलीभोवती गुंडाळलेली. ती आधी काढून घ्या. मग बाटलीत किती औषध उरले ते बघा आणि चिंतूला आजच्या आज डॉक्टरकडे न्या, तो हसत असला तरी न्या; औषध जास्त गेले असेल तर ते लगेच दिसत नाही. वाचणाऱ्या माणसा, तुमच्या भट्टीवर जमुना नावाची बाई असेल तर हे पान मिटायच्या आधी उठा, तिच्या झोपडीपाशी जा आणि तिचे पोर कसे आहे ते बघून या.’